बंद घराचा आकडा

ऑफिसात मला पाठीमागे सगळे 'भागाकारबाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण मला कान आहेत. आणि नाव काही खोटं नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या विभागात एकतीस वर्षं काढली, त्यात एवढंच शिकले की मोठा आकडा दिसला की तो आधी भागायचा. संचालकसाहेब दरवर्षी घाम पुसत माझ्या टेबलाशी येतात. "बाई, बेचाळीस लाख कोटी म्हणजे नक्की किती हो? उद्या पत्रकार विचारणार." मी म्हणते, साहेब, बेचाळीस लाख कोटी कुणाच्या बापाला कळत नाहीत. आपल्या एवढ्याशा देशाच्या बारा कोटी माणसांनी भागा, माणशी साडेतीन लाख. वर्षाच्या दिवसांनी भागा, दिवसाला साडेनऊशे. आता घरी जाऊन बायकोला विचारा, तुझ्या वाट्याला रोज साडेनऊशे येतात का? साहेब म्हणतात, "तिला नको विचारायला."

पण आकडा मुळात एवढा वर चढतो कसा, ते कुणी विचारत नाही. देशातलं घर न् घर कोण मोजणार? आम्ही हजारोंतून एक घर निवडतो. आमचा पाहणीवाला तिथे जाऊन विचारतो, माणसं किती, कमाई किती, खर्च कशावर. जे उत्तर येईल त्याला आम्ही गुणतो. साबणाच्या बंद कारखान्यामागच्या वस्तीचा गुणक आहे चार हजार एकशे सोळा. तिथल्या एका घराने सायकल घेतली की आमच्या लेखी चार हजार एकशे सोळा सायकली रस्त्यावर आल्या.

आता एखाद्या घराला कुलूप असलं तर? तर मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, देशाची वाढ जेवढी तेवढा वाढवायचा आणि पुढे न्यायचा. तीन वर्षं सलग कुलूप दिसलं तर ते घर यादीतून काढायचं. फॉर्ममधली माणसं आणि खालची बेरीज जुळली नाही, तर बेरीज खरी धरायची आणि कमी पडलेलं माणूस सगळ्यात जवळच्या घरातून भरायचं. हे नियम माझेच, माझ्याच अक्षरातले. एवढ्या वर्षांत मी ते एकाच माणसासाठी मोडले, दादासाठी.

दादा माझा मोठा भाऊ. रेडिओ दुरुस्त करायचा. साबणाच्या कारखान्यामागे दोन खोल्यांत एकटाच राहायचा, आणि नशीब बघा, लाखो घरांतून पाहणीसाठी नेमकं त्याचंच घर निघालं, नंबर एकोणीस. दहा वर्षांपूर्वी त्याचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. उत्पन्न: शून्य. धान्यावरचा खर्च: शून्य. त्याचं दुकान बुडालं होतं आणि त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं कुणाला, तर दारात आलेल्या सरकारी माणसाला. आमच्याकडे नियम आहे, फॉर्मवर वाचलेलं बाहेर बोलायचं नाही, त्यावरून काही करायचं नाही. मी नियमाची पक्की. त्याच आठवड्यात त्याचा निरोप आला होता, "एकदा चहाला ये गं." मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात दाराला कुलूप. दादा गेला तो गेला. पोलिस झाले, इस्पितळं झाली, त्याचा पत्ता नाही.

पुढच्या वर्षी पाहणीवाल्याने चिठ्ठी आणली, 'घर बंद'. मागचा आकडा पुढे न्यायला घेतला आणि हात थांबला. शून्याला काहीही टक्के वाढवा, शून्यच राहतं. माझा भाऊ गुणिले चार हजार एकशे सोळा, बरोबर शून्य. मला ते लिहवेना. मी जुना फॉर्म काढला, त्यातलं शून्य खोडलं आणि तिथे शेजारच्या घराचा आकडा भरला. मग तो वाढवला. चोरी म्हणा हवं तर, पण त्या रात्री मला वर्षभरानंतर झोप लागली असं वाटलं.

एकदा खोटं बोलायला सुरुवात केली की माणूस उदार होतो. दोन वर्षांनी मी दादाला बायको दिली, स्त्री, वय पस्तीस. पुढे मुलगी दिली. फ्रिज घेतला, पंखा घेतला, मुलीला शाळेत घातलं. तीन वर्षांचा नियम कधीच उलटून गेला होता, पण एकोणीस नंबर मी यादीतून काढला नाही. बरं, हे सगळं माझ्यापाशीच ठेवावं ना! नाही ठेवलं. आई एका दुपारी दादाचा जुना कप छातीशी धरून बसलेली दिसली, आणि मी बोलून गेले, "अगं, तो आहे. आमच्याकडे त्याचा फॉर्म येतो. कमावतो आहे." तेव्हापासून दरवर्षी पाहणीचे दिवस आले की आई विचारायची, "दादाचा कागद आला का?" आणि मी वाचून दाखवायचे. ती खरं मानायची की माझ्यासाठी मानल्यासारखं करायची, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

यंदाच्या मंगळवारी आमचा पाहणीवाला आला. दारोदार फिरून फिरून त्याचं नाव 'तंगडतोड्या' पडलंय. भला माणूस, बावीस वर्षं त्या वस्तीत जातोय. त्याने गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, "बाई, यंदा एकोणीस नंबर उघडा होता."

मी म्हटलं, "चेष्टा करू नकोस."

"तुमची चेष्टा? मला नोकरी करायचीय." त्याने फॉर्म पुढे सरकवला.

उत्पन्न: चार लाख पस्तीस हजार दोनशे त्र्याण्णव. गेल्या वर्षी मी लिहिले होते चार लाख बारा हजार सहाशे. यंदाची देशाची वाढ साडेपाच टक्के, आणि तो दर अजून माझ्या ड्रॉवरच्या बाहेर गेला नव्हता. मी तीनदा आकडेमोड केली. शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. खर्चात लिहिलं होतं, मुलीचा चष्मा. आता हे ऐका. त्या दिवशी सकाळी बसची वाट बघताना माझ्या मनात आलं होतं की यंदा पोरीला चष्मा लागू दे, दादालाही लहानपणीच लागला होता. मनात आलं होतं फक्त. कागदावर अजून उतरवायचं होतं.

मी फॉर्म खाली ठेवला. "दार कुणी उघडलं?"

"त्यांच्या मिसेसनी. साहेब आत बसले होते, पाठमोरे, रेडिओ उघडून. चहा दिला मला."

"दिसायला कशी होती ती?"

तो बोलायला गेला आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मग म्हणाला, "स्त्री, वय बेचाळीस."

"अरे, तोंड कसं होतं विचारतेय मी."

"तेच आठवतोय, बाई. बेचाळीस." त्याने कपाळ पुसलं. "एक सांगू? त्या घरात जे फॉर्मवर आहे तेवढंच आहे. फ्रिज आहे, पंखा आहे, पोरीचं दप्तर आहे. पण खिडकी नाही. आरसा नाही. दाराशी चपला नाहीत. आपण खिडकी विचारतच नाही ना. आणि चहाला चव नव्हती. वाईट नव्हती, नव्हतीच."

मी फॉर्म पुन्हा हातात घेतला तेव्हा मला चौथी ओळ दिसली. मी तीन माणसं लिहीत आले होते. इथे चार होती. चौथी ओळ: आई, स्त्री, वय अठ्ठ्याहत्तर. खाली बेरीज, चार. आमच्या पाहणीला एक दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी घरात जे असेल ते घरचं माणूस. यंदाचा दिवस होता येता शुक्रवार.

"ही कुठे होती?" मी ओळीवर बोट ठेवलं.

"नव्हती. साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत येईल, लिहून ठेवा."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई त्या वेळी माझ्या घरी वाटाणे सोलत बसली असणार. आणि आमचा पहिला नियम, शाळेतल्या पोरालाही कळेल असा: एक माणूस एकाच घरात मोजायचं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी साबणाच्या कारखान्यामागे गेले. भर दुपार, ऊन चटचटत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सतरा नंबर, अठरा नंबर, मग एकोणीस. दार उघडं. आत पंखा फिरत होता आणि त्याच्याखाली दादा बसला होता, पाठमोरा, डाव्या खांद्यात जरा वाकलेला, तो बसायचा तसाच. आतल्या खोलीत तीन अंथरुणं गुंडाळलेली आणि चौथं नवंकोरं, पसरून तयार. खोटं कशाला सांगू, भीती नंतर वाटली. आधी आनंदच झाला.

मग मी गल्लीकडे पाहिलं. एकोणिसाच्या पुढे आधी चार घरं होती आणि मग कारखान्याची भिंत. आता भिंत कुठे दिसेना. घरामागे घर, दार उघडं, पंखा फिरतोय, पाठमोरा माणूस. डोळा जाईल तिथवर तेच. ती किती आहेत हे मोजायची मला गरज नव्हती. गुणक मला पाठ आहे.

"दादा!" मी हाक मारली.

सगळ्या घरांतला स्क्रू फिरवण्याचा बारीक आवाज एकदम थांबला. सगळ्या पाठी ताठ झाल्या. कुणी वळून पाहिलं नाही. वळणार कसं? तोंडासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. मग एकोणीस नंबरातून दादाचा आवाज आला, त्याचाच, जरा घोगरा. "चहाला आलीस? बघू पुढच्या आठवड्यात." आणि तेच वाक्य पुढच्या घरातून, त्याच्या पुढच्या, गल्लीभर लांब लांब जात राहिलं. मी चप्पल हातात घेऊन पळाले. चोपन्नाव्या वर्षी इतकी पळेन असं मला वाटलं नव्हतं.

घरी आले तर आईने पिशवी भरून ठेवलेली. दोन जोड कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याचं घर आणि दादाचा तो कप, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"शुक्रवारी तो न्यायला येतोय," आई म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? मला ठाऊक आहे. तूच तर दरवर्षी सांगतेस, फ्रिज घेतला, पोरगी शाळेत जाते. आजी नको का घरात?"

"आई, तिथे काही नाही! खिडकी नाही, आरसा नाही. ते मी लिहिलेलं घर आहे, कळतंय का? मी!" आणि मग दहा वर्षं दाताखाली धरलेलं सगळं बाहेर पडलं. शून्य. धान्याचं शून्य. चहाचा निरोप. नियम. मी रडत होते आणि रागावतही होते, कुणावर ते कळत नव्हतं.

आईने पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुला माहीत होतं त्याच्या घरात दाणा नाही?"

"हो."

"आणि तू गेली नाहीस."

"नाही गेले."

ती उठली, पिशवीतला कप काढला, धुतला आणि फळीवर पालथा घातला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यापेक्षा चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी बाराला आकडे बंद होतात. बारानंतर प्रत्यक्ष देव आला तरी फॉर्मला हात लावता येत नाही. सकाळपासून एकोणीस नंबर माझ्यापुढे होता. सरळ काम होतं. 'घर बंद' लिहायचं, यादीतून काढायचं, झालं. दादाचे एकशे एकोणऐंशी कोटी देशाच्या उत्पन्नातून गेले असते आणि फरक पडला असता टक्क्याच्या तिसऱ्या दशांशात. साहेबांनी ढुंकून पाहिलं नसतं. पण मला ती पाठ आठवली, डाव्या खांद्यात वाकलेली. एकदा शून्य सांगून तो गेला होता, दुसऱ्यांदा त्याला मी कशी शून्य करू? म्हटलं, आईची ओळ तेवढी काढू. दादाही राहील, आईही राहील. हावरटपणा, दुसरं काय! बाराला पाच मिनिटं असताना मी लाल पेनाने चौथी ओळ खोडली, बाजूला लिहिलं 'ही नाही', दोनदा अधोरेखित केलं आणि फॉर्म पेटीत टाकला. बारा वाजले. मी ग्लासभर पाणी प्यायले आणि सुट्टी टाकून घरी गेले.

आई खुर्चीत होती, जिवंत, धडधाकट, माझ्यावर रुसलेली. मी तिच्या पायाशी बसले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, दोन दिवसांनी पहिल्यांदा. आणि तेव्हा, आईचा हात डोक्यावर असताना, माझ्या डोळ्यांपुढे फॉर्मचा तळ आला. चौथी ओळ मी खोडली होती. खालची बेरीज तशीच ठेवली होती, चार. एकतीस वर्षं मी नवख्या पोरींना कानीकपाळी ओरडत आले की बाई गं, ओळ खोडलीस तर बेरीज बदल. बेरीज खरी धरली जाते.

चार वाजता दार वाजलं. तंगडतोड्या उभा होता, फळीला लावलेला फॉर्म हातात. त्याच्या पायांत चपला नव्हत्या.

"बाई, एकोणीस नंबरात एक माणूस कमी पडतंय, बेरीज जुळल्याशिवाय फॉर्म बंद होत नाही," तो म्हणाला. आवाज त्याचाच, पण माझ्याकडे बघत नव्हता, रकान्याकडे बघत होता. "आई नाही असं लिहिलंय तुम्ही. मग नात्याने सगळ्यात जवळचं घर हेच. बहीण लिहू?"

मी दार लावून घेतलं असतं. हात कडीवर होताही. पण दार लावलं तर तो आत कुणाकडे बोट दाखवेल ते मला ठाऊक होतं. मी मागे वळून आईकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. ती हळूहळू उठली, फळीवरचा कप घेतला आणि माझ्या हातात दिला.

"जा," म्हणाली. "बोलावलं होतं ना त्याने? आता जा. आणि तो वळला नाही तर तू पुढे जाऊन बस त्याच्या. भाऊ आहे तुझा."

"आणि तू?"

"माझं काय व्हायचंय."

मी तंगडतोड्याच्या हातून पेन घेतलं. बहीण, स्त्री, चोपन्न. त्या घरात मला पगार कुठला, उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहिलं, पहिल्यांदा खरं. खाली 'इतर' म्हणून एक ओळ असते, आजवर कुणी ती भरल्याचं मी पाहिलं नाही. तिथे बारीक अक्षरात लिहिलं: खिडकी एक, आरसा एक, मीठ, चपलांचे पाच जोड. पाचवा तंगडतोड्यासाठी. आणखी काही लिहायला जागा नव्हती. मी पायऱ्या उतरायला लागले. जिना नेहमीचाच होता, पण कठड्याला हात लावला तर तो हाताला लागला नाही.

वरून आईचा आवाज आला. ती माझ्याशी बोलत नव्हती, तंगडतोड्याशी बोलत होती. "अहो, हिचा कागद आला की मला वाचून कोण दाखवणार?"

"मी येईन ना, आजी. यंदापासून तुमचंही घर यादीत आहे. दरवर्षी येईन."

"आणि एखाद्या वर्षी माझ्या दाराला कुलूप दिसलं तर?"

"तर मागचाच आकडा पुढे न्यायचा," तो म्हणाला. "नियम आहे तसा. बाईंनीच घालून दिलाय."